सालींचं बायोएन्झाईम दर पावसाळ्यात का बिघडतं, आणि बिघडलं तर काय करायचं

जुलै उजाडला की लिंबं स्वस्त होतात. उन्हाळ्यात एकेक मोजून घेतलेली लिंबं मंडईत वाट्यावर मिळायला लागतात, घरात लोणची होतात आणि सालींचा ढीग साठतो. साहजिकच बायोएन्झाईमच्या, म्हणजे साली गूळपाण्यात आंबवून केलेल्या घरगुती क्लीनरच्या, बाटल्याही याच दिवसांत भरल्या जातात, आणि नेमक्या याच दिवसांत त्या बिघडतात. आमच्याकडे सलग तीन पावसाळे हेच झालं. दहा-बारा दिवसांत वर हिरवट-काळी बुरशी, झाकण उघडलं की कुबट वास, मग सगळं झाडाखाली ओतायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थंडीत संत्र्याच्या सालींचं मात्र तेच माप, तोच गूळ, तीच बाटली, आणि काही न करता छान आंबायचं.

चौथ्या वर्षी मी एक वही केली. प्रत्येक बाटलीवर तारीख घातली आणि साली किती दिवसांच्या होत्या, गूळ कुठला, झाकण कधी उघडलं, हे लिहीत गेले. दोन हंगामांनंतर लक्षात आलं की बहुतेक सगळ्या तक्रारी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, ती म्हणजे आंबटपणा. बाटलीत तो वेळेवर यावा लागतो, आणि बाटलीबाहेर तो योग्य जागीच पडावा लागतो. बुरशी, अळ्या, चिकट फरशी, पांढरा पडलेला ओटा, सगळ्यांची मुळं इथेच आहेत.

आधी हे नक्की काय आहे ते पाहू. थायलंडच्या डॉ. रोसुकोन पूम्पानवाँग यांच्या नावाशी जोडलं जाणारं १:३:१० हे प्रमाण आता घरोघरी पाठ आहे: गूळ एक भाग, साली तीन भाग, पाणी दहा भाग. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी, आणि तीन महिन्यांची वाट. नाव बायोएन्झाईम असलं तरी घासायचं-पुसायचं काम मुख्यतः त्यातलं आम्ल करतं. गुळातली साखर यीस्ट खातं, तिचं अल्कोहोल होतं, आणि पुढे हवेच्या मदतीने दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. सालींचा अर्क उतरलेलं घरचं सौम्य व्हिनेगर, असं समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

वर हिरवी, काळी, लोकरीसारखी बुरशी

सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार हीच, आणि तिचं कारण बहुतेकदा बाटलीत नसतंच. ते ओट्यावरच्या वाडग्यात असतं. तीनशे ग्रॅम साली एका दिवसात जमत नाहीत. आपण चार-पाच दिवस साठवतो, आणि पावसाळी हवेत चौथ्या दिवशी सालीच्या आतल्या पांढऱ्या भागावर टाचणीच्या टोकाएवढा हिरवा ठिपका आलेला असतो. दिव्याखाली धरून बघा, दिसेल. तो ठिपका आपण गुळाच्या पाण्यात सोडतो आणि त्याची बडदास्त ठेवतो.

म्हणून साली फ्रीझरमध्ये साठवा. लिंबू पिळलं की साल सरळ डब्यात, डबा फ्रीझरमध्ये. गोठलेल्या साली मऊ पडतात, त्यातला रसही लवकर उतरतो. मिठाचा हात लागलेल्या साली, सरबतातल्या किंवा लोणच्यातल्या फोडी घेऊ नका. मीठ आंबण्याला अडवतं. तेल लागलेलं किंवा शिजवलेलं काहीही नको.

दुसरं कारण, साली तरंगणं. बुरशीला हवा लागते. पाण्याखाली बुडालेल्या सालीवर ती धरत नाही, पण वर आलेल्या सालीच्या पाठीवर हमखास धरते. पहिले दहा-पंधरा दिवस रोज बाटली हलवा, म्हणजे वरचा थर ओला होत राहतो. बरणी रुंद तोंडाची असेल तर लाकडी चमच्याने साली रोज खाली दाबा.

तिसरं कारण मला सगळ्यांत उशिरा कळलं. लिंबू-संत्र्याच्या सालीत जे सुवासिक तेल असतं, लिमोनीन, ते यीस्टला आवडत नाही. नुसत्या लिंबाच्या साली घातल्या की आंबणं रेंगाळतं, आणि त्या रेंगाळलेल्या दिवसांत बुरशी डाव साधते. त्यात पावसाळ्याची दमट हवा. म्हणून तीनशे ग्रॅममध्ये शंभरेक ग्रॅम साली दुसऱ्या घ्या: पपई, अननस, सफरचंद, जे घरात असेल ते. अननसाची साल घातलेली बाटली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फसफसायला लागते.

आणि सगळ्यांवर भारी उपाय म्हणजे विरजण. दही लावताना आपण दूध नुसतं ठेवून देत नाही. इथेही तेच करायचं. आधीच्या तयार, चांगल्या आंबट एन्झाईमची एक वाटी नव्या बाटलीत ओतायची. पाणी पहिल्याच दिवशी थोडं आंबट होतं, कुजवणाऱ्या जिवाणूंना जागा उरत नाही, आणि कामाचे जिवाणू आयते मिळतात. घरात जुनं नसेल तर मैत्रिणीकडून आणा, पूर्वी विरजण मागायला जायचो तसं. विरजण लावलेली आणि फ्रीझरच्या सालींची माझी एकही बाटली गेल्या दोन पावसाळ्यांत बुरसलेली नाही. पहिल्यांदाच करत असाल आणि विरजण कुठेच मिळत नसेल, तर पाव चमचा कोरडं यीस्ट कोमट गूळपाण्यात फुलवून घाला. त्याने काळही कमी लागतो, दीड महिन्यात पुष्कळसं काम होतं.

गुळाबद्दल एक. पिवळाधमक, दिसायला सुरेख गूळ बहुधा हायड्रोस नावाचं रंग उडवणारं रसायन घालून उजळलेला असतो, आणि अशा गुळाच्या बाटल्या माझ्या वहीत सर्वांत आळशी निघाल्या आहेत. काळपट, चिकट, भावाने कमी असलेला गूळ या कामाला उत्तम. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरा.

आता बुरशी आलीच आहे, तर? रुपयाएवढा एखादा डाग असेल तर तेवढ्या साली चमच्याने काढा, दोन चमचे गूळ आणि विरजण घाला, नीट हलवा. सगळा थर बुरसला असेल, किंवा गुलाबी-केशरी रंग दिसला, किंवा वास आंबट नसून सडक्या अंड्यासारखा असेल, तर वाचवायच्या भानगडीत पडू नका. खड्डा करून पुरा, बाटली सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी बुरशीच्या बाटलीत नाक घालून वास घेऊ नये, दुसऱ्या कुणाला तरी उघडायला सांगावी.

पांढरा थर मात्र बुरशी नव्हे

कितीतरी जणी पांढरं दिसलं की घाबरून चांगली बाटली ओतून देतात, आणि मला फार वाईट वाटतं. दुधावरच्या सायीसारखा पातळ, सुरकुतलेला, क्रीम रंगाचा पापुद्रा असेल तर ते रानटी यीस्ट आहे. निरुपद्रवी. बाटली हलवा, मिसळून जाईल, पुन्हा येईल, पुन्हा हलवा. नारळाच्या मलईसारखी घट्ट, बुळबुळीत चकती धरली असेल तर आनंदच माना. ती व्हिनेगरची आई, म्हणजे आम्ल तयार होतंय. तिचाच तुकडा पुढच्या बाटलीला विरजण म्हणून घाला. बुरशी ओळखायची खूण एकच: ती केसाळ असते. बहुतेकदा तिला रंगही असतो, हिरवा, काळा किंवा निळसर.

अळ्या पडल्या

चिलटं. झाकण सैल ठेवलं की ती आत जाऊन अंडी घालतात. फडकं बांधलं तर त्याच्या विणीतूनही जातात, कारण फडक्यावर सांडलेल्या थेंबावर ती अंडी घालतात आणि अळ्या आत उतरतात. झाकण रोज उघडायचं असतं, पण उघडं ठेवायचं नसतं. दहा सेकंद उघडा, वायू जाऊ द्या, घट्ट लावा, आणि बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा. हे पुसणंच बहुतेकजण विसरतात. अळ्या झाल्याच असतील तर गाळून घ्या, द्रव आंबट वासाचा असेल तर तो वापरण्याजोगा असतो. किळस वाटत असेल तर संडासात ओता, तिथेही काम करतो.

बाटली फुगली, उडाली

काच कधीही वापरू नका. पहिल्या महिन्यात कार्बन डायऑक्साईड इतका बनतो की काचेची बरणी फुटू शकते आणि स्वयंपाकघरात काचा उडतात. शीतपेयाची दोन लिटरची प्लास्टिक बाटली चांगली, कारण ती दाब सोसायलाच बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली नको. वरच्या मापाचं सगळं मिळून साधारण १.४ लिटर होतं, म्हणजे दोन लिटरच्या बाटलीत आपोआप एक तृतीयांश जागा रिकामी राहते. ती तशीच राहू द्या, अजून थोड्या साली मावतील म्हणून कोंबू नका. रोज सकाळी बाटली दाबून बघायची. चेंडूसारखी टणक लागली की झाकण हळूहळू सैल करायचं, सुस्स आवाज संपेपर्यंत. गावाला जायचं असेल तर बाटली भरून जाऊ नका, आल्यावर भरा.

आणि एक अगदी कळकळीने सांगते. शीतपेयाच्या बाटलीत तपकिरी पाणी म्हणजे घरातल्या लहान मुलाच्या डोळ्यांना शीतपेयच. मूळ कागद खरवडून काढा, मोठ्या अक्षरांत "पिऊ नये" लिहा, आणि बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा.

फरशी चिकट, मुंग्यांची रांग

"एन्झाईमने पुसलं की फरशी चिकचिक करते" अशी तक्रार आली की समजावं, ते अजून तयारच नव्हतं. गुळाची साखर पूर्ण खाल्ली गेलेली नाही आणि आपण गूळपाण्याने लादी पुसतोय. तीन महिने हा आकडा पाळायचा म्हणून पाळायचा नसतो. थंडीत चार लागू शकतात, विरजण लावलेलं उन्हाळ्यात त्याआधीही होतं.

मी परीक्षा मुंग्यांकडून करून घेते. गॅलरीच्या कोपऱ्यात, जिथे मुंग्या ये-जा करतात, तिथे एका बशीत पाच-सहा थेंब टाकून ठेवते. तासाभराने जाऊन बघायचं. मुंग्या गोल करून बसल्या असतील तर बाटली परत फळीवर, अजून पंधरा दिवस. थेंबाला वळसा घालून गेल्या तर गाळायला हरकत नाही. याशिवाय वायू यायचा थांबलेला असतो, साली तळाला बसलेल्या असतात, वास स्पष्ट आंबट असतो. खात्रीच करायची असेल तर आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, आकडा ४ च्या खाली हवा. चव मात्र घेऊ नका.

गाळताना आधी चाळणी, मग सुती पंचा. गाळ राहिला की फवाऱ्याचं तोंड अडकतं आणि फरशांमधल्या पांढऱ्या सांध्यांवर तपकिरी रेघा उमटतात. टाइल्सच्या फरशीला अर्ध्या बादलीत पाव वाटी पुरे. बेसिन-सिंकला एक भाग एन्झाईम, दहा भाग पाणी. संडासाच्या भांड्यात मात्र पाणी न घालता वाटीभर, रात्री ओतून सकाळी घासायचं. बोअरच्या पाण्याने नळावर जो पांढरा क्षार साठतो त्यावर एन्झाईममध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळा. क्षार जाड असेल तर एन्झाईमचा जोर कमी पडतो, तेव्हा पाव लिटर पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड घ्या. क्रोमच्या नळावर रात्रभर ठेवू नका, मुलामा जातो.

कडप्पा पांढरा का पडला

याबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण बाकीचे बिघाड बाटलीपुरते असतात, हा घराचा असतो.

नळाचा क्षार एन्झाईमने का जातो? कारण तो कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल त्याला विरघळवतं. आता आपल्या घरांत पायाखाली आणि हाताखाली काय आहे ते बघा. कडप्पा, कोटा, शहाबादी, तिन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही तोच, कॅल्शियम कार्बोनेट. जे आम्ल नळाचा क्षार खातं तेच ओटाही खातं. आमच्या कडप्प्यावर मी एकदा फवारा तसाच टेकवून ठेवला होता. त्याच्या तोंडातून ठिबकलेल्या थेंबांनी जिथे जिथे तो टेकला तिथे राखाडी गोल उमटले. बोट फिरवलं तर काळा गुळगुळीतपणा संपून खडबडीत लागायचं, पाटीवर खडू घासल्यासारखं. मी साबणाने घासलं, सोड्याने घासलं, मग लिंबाने घासलं आणि ते आणखी वाढलं. तो डाग नव्हताच, दगडाचा वरचा पॉलिश केलेला थर गेला होता. तो घासून परत येत नाही. खोबरेल तेलाचा हात फिरवला की काही दिवस गोल दिसेनासे होतात, कायमचं हवं असेल तर पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं.

तर चुनखडीच्या दगडावर लिंबू, व्हिनेगर, चिंच, एन्झाईम यांतलं काहीही नको, पातळ करूनही रोज नको. आपल्याकडची लादी कुठली ते माहीत नसेल तर कपाटामागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून दोन मिनिटं थांबा. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तिथला तजेला गेला, तर तो चुनखडीचा. ग्रॅनाईटला आणि सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सना सहसा काही होत नाही. कडप्प्याचा तेलकटपणा काढायला लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा, आणि नंतर साध्या पाण्याचं फडकं. सोड्याने हात कोरडे पडतात, हातमोजे घाला. मात्र ॲल्युमिनियमच्या भांड्यांना सोडाही नको आणि एन्झाईमही नको, ती खराब होतात. बिडाच्या तव्यालाही आम्ल लावू नका.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र

फेस येतो, म्हणून काम होतंय असं वाटतं. फेस म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साईड. आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवून टाकतात आणि बाटलीत जवळजवळ खारं पाणी उरतं. दोन्ही वापरा, पण वेगवेगळं: तेलकटावर आधी सोडा, धुऊन टाका, मग क्षारावर आम्ल. दोन्ही मिसळून साठवलेलं "नैसर्गिक क्लीनर" कुणी दिलं तर त्यात काही दम नसतो.

ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या पाण्यात मात्र एन्झाईम, व्हिनेगर, लिंबू कधीही घालू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील तेव्हा मी स्वतः एन्झाईम बाजूला ठेवते आणि ब्लीचच वापरते, एकटं, खिडकी उघडून. एन्झाईम रोजच्या मळाला चांगलं, पण ते जंतुनाशक समजून आजाऱ्याची खोली त्यावर सोडणं मला पटत नाही.

रिठ्याचं पाणी दोन दिवसांत वास मारतं

एन्झाईमच्या जोडीला भांड्यांसाठी रिठ्याचं पाणी करणाऱ्यांची ही तक्रार. मारणारच. त्यात टिकवणारं काही नसतं. १०० ग्रॅम बिया काढलेले रिठे लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी वीसेक मिनिटं उकळायचे, गार झाल्यावर कुस्करून गाळायचे. बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर. मी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवते आणि भांड्यांसाठी रोज दोन खडे काढते. त्यात दोन-तीन चमचे तयार एन्झाईम घातलं तर तेही जास्त टिकतं आणि स्टीलची भांडी चकचकीत निघतात. फेस कमी येतो म्हणून जास्त ओतू नका, फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध आपल्या डोक्यात साबणाने बसवलाय. जड पाण्यात साबणाची जशी साय धरते तशी रिठ्याची धरत नाही, हा त्याचा मोठा गुण. डोळ्यात गेलं तर फार झोंबतं, आणि माशांना ते विषारी असतं, म्हणून विहिरीत, तळ्यात किंवा माशांच्या टाकीजवळ त्याचं पाणी सोडू नका.

गाळलेला चोथा

एन्झाईम गाळल्यावर उरलेल्या सालींच्या चोथ्यातलाच मूठभर पुढच्या बाटलीला विरजण म्हणून ठेवा, डब्यात घालून फ्रिजमध्ये महिनाभर राहतो. उरलेला मिक्सरमधून काढून संडासाच्या भांड्यात रात्री टाका, सकाळी ब्रशने घासा. कंपोस्टमध्ये एकदम सगळा ओतलात तर ढीग आंबट होऊन गांडुळं पळतात. थोडा थोडा, वाळलेल्या पानांत मिसळून घाला.